रेसकोर्ससाठी आराखड्यातला रस्ता हलवायचा असेल तर: गोव्यातली अर्जाची आणि हरकतीची प्रक्रिया

समजा, फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या वेशीवर घोड्यांच्या शर्यतीचे मैदान काढायचा प्रस्ताव आला. गोव्यात रेसकोर्स नाही, म्हणून उदाहरण लांबचे वाटेल, पण मी ते मुद्दाम घेतले आहे. शर्यतीच्या मैदानाला सलग, सपाट आणि मधून एकही वाट न जाणारी जागा लागते. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स 1883 सालचे, त्याची मूळ जागा सव्वादोनशे एकरांच्या आसपास. गोव्यातल्या शहराच्या कडेला त्याच्या चौथाईएवढी जागा धरली, तरी आराखड्यावरचे दोन-तीन रस्ते तिच्यात सापडतील. मग ते वळवा, तोडा किंवा रद्द करा अशी मागणी येणारच. क्रीडासंकुल असो, मोठा रिसॉर्ट असो, रस्ता हलवायची पद्धत हीच.

मी वाड्यावरच्या लोकांना अर्ज आणि हरकती लिहून देतो. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकींच्या घरामागचा आठ मीटरचा नियोजित रस्ता नकाशावर सरकून त्यांच्या भाटात, म्हणजे बागायतीत, थेट माडांच्या रांगेत आला. त्यांना कळले तेव्हा हरकतीची मुदत संपून चार महिने झाले होते. नोटीस वर्तमानपत्रात आली होती आणि काकी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. त्यांनी ती नोटीस वाचलीही होती. तिच्यात गावाचे नाव आणि सर्वे नंबर होते, आणि स्वतःचा सर्वे नंबर त्यांना पाठ नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे कोणीही आले की मी पहिल्यांदा हाच नंबर विचारतो.

जागा कुठल्या आराखड्यात येते?

गोव्यात जमिनीच्या वापराचे दोन आराखडे असतात. शहरे आणि नियोजन क्षेत्र म्हणून जाहीर झालेले भाग बाह्यविकास आराखड्यात, म्हणजे ओडीपीत येतात. तो नियोजन आणि विकास प्राधिकरण करते, ज्याला आपण सगळे पीडीए म्हणतो. पणजी आणि म्हापसा उत्तर गोवा पीडीएकडे, मडगाव आणि फोंडा दक्षिण गोवा पीडीएकडे, वास्को मुरगाव पीडीएकडे. बाकीच्या गावांना प्रादेशिक आराखडा 2021 लागू आहे आणि तो नगरनियोजन खात्याच्या हातात असतो. दोन्हींचा पाया एकच: 1974 चा गोवा नगर आणि ग्रामनियोजन कायदा.

शहराच्या वेशीवरची जागा बहुधा दोन्हींच्या सीमेवर असते. एकच भाट, त्यातला अर्धा ओडीपीत आणि अर्धा प्रादेशिक आराखड्यात, असेही सापडते. म्हणून पहिला कागद झोनिंग प्रमाणपत्राचा घ्यावा. सर्वे नंबर देऊन अर्ज केला की ती जागा कुठल्या झोनमध्ये आहे आणि तिच्यातून किती मीटरचा रस्ता दाखवला आहे, हे लेखी मिळते. नकाशा संगणकावर पाहून अंदाज बांधू नये. रेषेची जाडी स्वतःच दोन-तीन मीटर जागा खाते आणि तेवढ्यात एखाद्याचे कुंपण जाते.

रस्ता कुठला, हे आधी ठरवा

ही गल्लत मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. नकाशावरचा नियोजित रस्ता ही अजून रेषाच असते; तिच्याखालची जमीन मालकाचीच राहते. वापरातला डांबरी रस्ता मात्र सार्वजनिक असतो आणि तो नगरपालिका, पंचायत किंवा सार्वजनिक बांधकाम खाते यांपैकी कोणाच्या तरी ताब्यात असतो. रेषा हलवायला आराखड्यात बदल लागतो. वापरातला रस्ता बंद करायला त्याशिवाय ज्याच्या ताब्यात तो आहे त्या संस्थेचा ठराव आणि पुढची मंजुरी लागते. पीडीएने रेषा पुसली म्हणून लोकांची जा-ये थांबत नाही.

तिसरा प्रकार वहिवाटीच्या पायवाटेचा. ती कुठल्याच आराखड्यात नसते, पण शेतात, देवळात, मसणवट्यात जायला पिढ्यान्‌पिढ्या तीच वापरलेली असते. मैदानाचे कुंपण घालताना पहिला बळी तिचा जातो, कारण कागदावर ती दिसतच नाही. अशी वाट असेल तर फोटो, जुना सर्वे नकाशा आणि वापरणाऱ्या लोकांची लेखी निवेदने आत्ताच गोळा करा. वाट अडवली गेली तर मामलेदारांकडे दाद मागता येते आणि तिथे हेच कागद कामाला येतात.

अर्ज कोण करू शकतो?

झोन बदलून मागण्याचा अर्ज त्या जमिनीच्या मालकाने किंवा त्याच्या मुखत्यारपत्रधारकाने करायचा असतो. मैदान काढणारी कंपनी मालक नसेल तर तिला नुसत्या विक्रीकरारावर भागवता येईलच असे नाही. मालकांचे अधिकारपत्र जोडावे लागते. एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या सर्वे उताऱ्यावर, भोगवटादार म्हणून जितकी नावे, तितक्यांच्या सह्या. गोव्याच्या दिवाणी कायद्यात लग्नानंतर मालमत्ता सामायिक होते, म्हणून पती-पत्नी दोघांची संमती विचारली जाते. वारस पोर्तुगालला किंवा आखातात असतील तर मुखत्यारपत्राचे काम सगळ्यात आधी हाती घ्या, कारण वेळ तिथेच जातो.

रस्त्याची रेषा मात्र एकट्या मालकाची नसते. ती आपल्या जमिनीतून काढली की कोणाच्या तरी जमिनीत जाणार. त्यामुळे मालकाने रस्ता बदलून मागितला तरी तो बदल आराखड्याचा म्हणून तपासला गेला पाहिजे. शेजाऱ्यांचा प्रवेश, पाण्याचा निचरा, अग्निशमन बंबाला लागणारी रुंदी, पुढच्या रस्त्याशी जोड हे सगळे त्यात आले.

जागा कोमुनिदादची, म्हणजे गावकरी संस्थेची सामायिक असेल तर कोमुनिदाद संहितेनुसार वेगळीच वाट चालावी लागते. जागेवर कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) असेल तर भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, सही पुरेशी नाही. मुंडकाराच्या घराला 1975 च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि आराखडा बदलला म्हणून ते जात नाही. भातशेतीवर 2023 च्या कायद्याने आणखी निर्बंध घातले आहेत. ती शेतकरी नसलेल्या माणसाला सहजासहजी विकता येत नाही.

कागदपत्रे

ग्रामीण सर्वेच्या जमिनीला नमुना एक-चौदाचा ताजा उतारा आणि सर्वे नकाशा लागतो. शहर सर्वेच्या जमिनीला फॉर्म डी हा उतारा, चलता नंबर (शहर सर्वेतला जागेचा क्रमांक) आणि पी. टी. शीट (नकाशाच्या पानाचा) नंबर. उतारा गोवा ऑनलाइनवरून काढता येतो. मालकीसाठी विक्रीखत, वारसा असेल तर इन्व्हेंटरीचा (न्यायालयातल्या वारसावाटपाचा) आदेश किंवा वारसपत्र, जुन्या मिळकतीला पोर्तुगीजकालीन नोंदणीचे वर्णन. त्यासोबत झोनिंग प्रमाणपत्र, परिसराचा नकाशा, वास्तुविशारदाने किंवा नगररचनाकाराने सही केलेला सुचवलेल्या बदलाचा नकाशा, जागेवर आज काय आहे त्याचे फोटो आणि शुल्काची पावती. झोन बदलाचे शुल्क चौरस मीटरवर असते. मोठ्या जागेला ते लाखांच्या घरात जाऊ शकते.

सुचवलेला नकाशा एकाच प्रमाणात दोन रंगांत मागा: आजची रेषा एका रंगात, नवी दुसऱ्या. अर्जदाराने असा नकाशा दिला नसेल तर हरकत घेणाऱ्याने तो मागावा. ज्यांना लपवायचे काही नाही त्यांना हे देणे जड जात नाही.

उतारा काढलात की इतर हक्कांचा रकानाही वाचा. कूळ, मुंडकार, बँकेचा बोजा तिथे दिसतो. लोक पहिल्या पानावरचे नाव पाहून कागद घडी करून ठेवतात.

अर्जाचा प्रवास

आराखड्याच्या पुनर्विलोकनात बदल सुचवायचा असेल तर पीडीए मसुदा प्रसिद्ध करते, नकाशे पाहायला ठेवते, हरकती आणि सूचना मागवते, त्यांचा विचार करते आणि मग आराखडा सरकारच्या मंजुरीला जातो. या मार्गाला वेळ लागतो, पण सगळे शहर एकत्र पाहिले जाते, म्हणून रस्त्यासारख्या गोष्टीला माझ्या मते हाच मार्ग योग्य.

दुसरा मार्ग एकेका जागेचा. 2024 साली कायद्यात 39-अ हे कलम घातले गेले. त्यात अर्ज मुख्य नगररचनाकाराकडे जातो, छाननी होते, नगर आणि ग्रामनियोजन मंडळ त्यावर विचार करते, मग जाहीर नोटीस निघून सूचना-हरकतींसाठी किमान 30 दिवस मिळतात. त्यानंतर अंतिम निर्णय. या कलमाला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्याआधीच्या 17(2) या कलमाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा: प्रादेशिक आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी म्हणून ते आणले होते, पण 13 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचा अर्थ मर्यादित केला आणि त्याखालचे नियम रद्द केले. म्हणून अर्जदारांना माझे सांगणे असे की, ज्या कलमाखाली अर्ज करणार त्याची आजची स्थिती वकिलाकडून लेखी घ्या आणि मगच शुल्क भरा.

एकेक तुकडा बदलत गेला की शेवटी आराखडाच उरत नाही, ही भीती गोव्याला नवीन नाही. प्रादेशिक आराखडा 2011 हा 2006 साली अधिसूचित झाला आणि गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर 2007 च्या जानेवारीत सरकारला मागे घ्यावा लागला. तेव्हा गावागावांत लोक नकाशे पसरून बसले होते. नकाशा वाचणे हे तज्ज्ञांचेच काम आहे, असे तेव्हा कोणी मानले नाही.

हरकत कशी लिहायची

हरकत घ्यायला त्या जागेचे मालक असावे लागत नाही. रस्ता वापरणारा, शेजारी, वाड्यावरचा कोणीही सूचना-हरकत देऊ शकतो. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत येते. राजपत्र दर गुरुवारी निघते, मधे जादा अंकही निघतात. त्यातले तालुका, गाव आणि सर्वे नंबर तपासायला दहा मिनिटे पुरतात.

पत्राच्या वर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख लिहा. पहिल्या वाक्यात तुमचा सर्वे नंबर उपविभागासह, म्हणजे नुसते 45 नव्हे तर 45/3 असे. मग तुमच्यावर नेमका काय परिणाम होतो ते मोजून लिहा. "आम्हाला हा प्रकल्प नको" एवढेच लिहिलेले पत्र सुनावणीत पटकन बाजूला पडते. "आजच्या रेषेने आमच्या वाड्यावरून मुख्य रस्त्यावर यायला 400 मीटर लागतात, नव्या रेषेने 1,300 मीटर, रुग्णवाहिकेला वळायला जागा राहत नाही, नाला रस्त्याच्या उताराच्या विरुद्ध जातो" असे लिहिले तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. आकडे तुमच्या वाड्याचे, तुम्ही स्वतः मोजलेले असू द्या. पर्याय सुचवता आला तर तोही लिहा. मैदान थोडे सरकवून रस्ता तसाच ठेवता येतो का, हा प्रश्न कोणी तरी विचारायलाच हवा.

शेवटी वैयक्तिक सुनावणी मागा. सह्यांचे एकत्र निवेदन द्या, पण ज्यांची जमीन जाते त्यांची पत्रे स्वतंत्रपणेही जाऊ द्या. ग्रामसभेचा ठराव असेल तर त्याची प्रमाणित प्रत जोडा.

नोटिशीबरोबर नकाशा पाहायला मिळाला नाही तर तेही लगेच लेखी कळवा आणि त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्याचे उत्तर 30 दिवसांत येते, म्हणजे हरकतीची मुदत संपता संपता. त्याची वाट पाहत थांबू नका. हातात आहे त्यावर हरकत द्या आणि "नकाशा मिळाल्यावर पुरवणी निवेदन देण्याचा हक्क राखून" असे लिहा.

जमीन प्रत्यक्ष जाणार असेल तर

नवी रेषा तुमच्या भाटातून गेली म्हणून दुसऱ्या दिवशी जमीन जात नाही. सरकारला ती घ्यायची असेल तर 2013 चा भूसंपादन कायदा लागतो. त्यात सामाजिक परिणामांचे मूल्यमापन, कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना आणि तिच्यानंतर हरकतींसाठी 60 दिवस आहेत. भरपाईत बाजारभावाच्या हिशेबाने येणाऱ्या रकमेवर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीत 70 टक्के कुटुंबांची पूर्वसंमती हवी. खेळ आणि पर्यटनाचे प्रकल्प सार्वजनिक हेतूच्या यादीत आहेत खरे, पण रस्ता सार्वजनिक म्हणून घ्यायचा आणि उपयोग एका फाटकापुरता, असे दिसले तर मूल्यमापनाच्या जाहीर सुनावणीतच तो मुद्दा नोंदवून घ्या.

बाकीच्या परवानग्या वेगळ्या चालतात. डोंगर कापायला किंवा सखल जमीन भरायला नगर आणि ग्रामनियोजन कायद्याच्या 17-अ कलमाखाली मंजुरी, झाडे तोडायला 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याची, शेतजमीन बिगरशेती करायला सनद (वापरबदलाचा परवाना), खाजन (बांध घातलेली खारजमीन) किंवा किनारा असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल प्रकल्पवाले नक्की दाखवतील. तो पैज लावण्याच्या प्रश्नावरचा आहे, रस्ता हलवायला त्याचा काही उपयोग नाही.

हरकत देताना दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "नंतर या, शिक्का मारणारा जेवायला गेला आहे" असे ऐकले तर बाकावर बसून थांबा. काकींच्या घरी आता दाराच्या आत, कॅलेंडरशेजारी, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सर्वे नंबर लिहून टांगला आहे, आणि गुरुवारी त्यांची नात तो राजपत्राशी ताडून पाहते.