उपास की आजार? बॉल पायथन खात नाही तेव्हा

बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या विदेशी अजगराने उंदीर नाकारला की पाळणाऱ्याचं लक्ष कॅलेंडरवर खिळतं. पाच आठवडे झाले, सहा झाले, आता नववा. गफलत इथेच होते. धडधाकट सापाच्या उपासाचे दिवस जसे वाढतात, तसेच आजारी सापाचेही. दोघांतला फरक कळतो तो वजनावरून, श्वासावरून आणि अंगातल्या ताकदीवरून.

आधी उपास. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिनमधून तो जगभर पाळायला गेला. तिकडे कोरडा काळ आला की तो बिळात दबून राहतो, आणि ही सवय काचेच्या पेटीत जन्मलेल्या सापातही टिकून असते. वयात आलेला नर मिलनाच्या दिवसांत तीन-चार महिनेसुद्धा तोंड लावत नाही. पोटात अंडी असलेली मादीही तशीच. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळसर होतात, तेव्हा तर उंदीर पुढे करूच नये. उपास करणारा साप रात्री बाहेर येतो, पाणी पितो, जीभ लपलपवतो आणि हातात घेतला की घट्ट विळखा घालतो. दीड किलोचा प्रौढ साप दोन महिन्यांत चाळीस-पन्नास ग्रॅमने उतरला, तर मी तरी घाबरणार नाही.

आजारी सापाचं वजन भराभर उतरतं. मूळ वजनाच्या दहा टक्के, म्हणजे दीड किलोच्या सापाचे दीडशे ग्रॅम गेले, की थांबू नये. पाठीचा कणा वर येतो, अंग गोल न राहता कौलारू छपरासारखं दिसू लागतं. श्वासाकडे तर फारच बारीक लक्ष हवं. सापाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला पडदा, नसतं, त्याला नीट खोकताही येत नाही. कफ आतच साचतो. मग तो मान उंच धरून, तोंड उघडून श्वास घेतो, ओठांशी बुडबुडे दिसतात. नुसती शिट्टीसारखी सुं-सुं कधी सुटत आलेल्या कातीमुळेही येते. कात पडल्यावर ती थांबायला हवी. नाही थांबली तर संसर्ग समजा. तोंडात लाल ठिपके किंवा पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट पू दिसला, साप दिवसचे दिवस पाण्यात बसून राहिला आणि भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे कण दिसले, म्हणजे गोचिडांच्या जातीतले बारीक माइट्स, तर हा उपास नव्हे.

या दोन्हींच्या मध्ये पेटी असते. उबदार कोपरा ३१ ते ३३ अंश आणि गार बाजू २५ ते २७ अंश नसेल, तर निरोगी सापही खाणं सोडतो. थंडी तशीच राहिली तर त्याच सापाला छातीचा संसर्ग होतो. म्हणून औषधाआधी थर्मामीटर बघा. उंदीर फ्रीजरमधला असेल तर पूर्ण वितळवून कोमट पाण्यात ऊबदार करा. या सापाच्या ओठांवरच्या खाचांना उष्णता जाणवते, थंड उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. गिळलेलं बाहेर टाकलं असेल तर लगेच दुसरा उंदीर देऊ नका. दहा-चौदा दिवस पोटाला विश्रांती द्या, मग आधीपेक्षा लहान उंदीर.

तोंड उघडून कोंबणं घरी करू नका, त्याने अन्ननलिका फाटू शकते. दूधही नको. नागपंचमीच्या सवयीने ते सुचतं खरं, पण तहानेने प्यायला तरी सापाला ते पचत नाही. पिल्लांच्या बाबतीत मात्र मी इतका धीर धरणार नाही; त्यांच्या अंगात साठाच नसतो, उपास महिनाभर लांबला तरी डॉक्टरांना दाखवावं.

हे सगळं कायदेशीर नोंदणी केलेल्या विदेशी सापाबद्दल आहे. आपला अजगर, धामण, नाग घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असा साप आजारी दिसला तर वन विभागाला कळवा.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा घ्या, दर आठवड्याला त्याच वारी वजन करून वहीत लिहा. साप डॉक्टरांकडे नेताना वही, पेटीच्या दोन्ही बाजूंचं तापमान आणि शेवटची विष्ठा डबीत घालून सोबत न्या.