जॉर्जिया लेफ्टनंट गव्हर्नर निवडणूक, १९४६

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने लेफ्टनंट गव्हर्नर या पदासाठी घेतलेली पहिली निवडणूक. मेल्विन अर्नेस्ट थॉम्पसन तीत निवडून आले. निवडणूक तशी बेतास बात होती, पण तिच्या निकालातून पुढे 'तीन गव्हर्नर' हा खटला उभा राहिला आणि त्यामुळेच ती आज लोकांना आठवते.

आपल्याकडे दिल्लीच्या नायब राज्यपालांना इंग्रजीत हेच पदनाम आहे, म्हणून मराठी वाचकाचा घोटाळा होणे साहजिक आहे. अमेरिकेत गव्हर्नर हा लोकांनी निवडलेला, राज्याचा कारभार प्रत्यक्ष हाकणारा प्रमुख असतो. म्हणजे त्याचे काम आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारे. जॉर्जियात लेफ्टनंट गव्हर्नर राज्याच्या सिनेटचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे, अध्यक्षपद सांभाळतो आणि गव्हर्नरची जागा रिकामी झाली तर तिथे बसतो. १९४५ च्या नव्या राज्यघटनेपूर्वी जॉर्जियात हे पदच नव्हते. गव्हर्नरनंतर सिनेटच्या अध्यक्षाचा क्रम लागे. नव्या घटनेने पद निर्माण केले आणि दोन्ही पदांची मते वेगवेगळी घ्यायचे ठरवले. त्यामुळे एका गटाचा गव्हर्नर आणि दुसऱ्या गटाचा लेफ्टनंट गव्हर्नर अशी जोडी निवडून येऊ शकत होती, आणि पहिल्याच खेपेस तसे घडले.

त्या काळी जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाला स्पर्धकच नसल्यामुळे खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच होई. जुलै १९४६ मधल्या त्या फेरीत थॉम्पसन यांनी मार्व्हिन ग्रिफिन यांना मागे टाकले. थॉम्पसन पेशाने शिक्षणक्षेत्रातले. मावळते गव्हर्नर एलिस अर्नॉल यांचे कार्यकारी सचिव आणि नंतर राज्याचे महसूल आयुक्त म्हणून त्यांनी काम केले होते, तेव्हा ते अर्नॉल यांच्याच गोटातले मानले जात. गव्हर्नरपदाची उमेदवारी मात्र अर्नॉल यांचे कट्टर विरोधक युजीन टॅल्मेज यांनी पटकावली. लोकांची जास्त मते जेम्स कारमायकेल यांना पडली होती. पण जॉर्जियात मते माणशी मोजली जात नव्हती. काउंटीगणिक (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ठरलेली 'एकके' मोजली जात: सर्वांत मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६, पुढच्या ३० ना ४ आणि उरलेल्या १२१ ना २. अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत मोडते तिची सगळी मते एका पारड्यात आणि तीन खेडवळ काउंट्या दुसऱ्या पारड्यात घातल्या, तरी वजन सारखेच. टॅल्मेज यांचे बळ खेड्यांत होते.

५ नोव्हेंबरच्या मतदानाने दोघांवर शिक्कामोर्तब झाले. टॅल्मेज यांची प्रकृती खालावली आहे हे त्यांच्या समर्थकांना ठाऊक होते. त्यांनी गुपचूप काही मतदारांकडून मतपत्रिकेवर युजीन यांचे चिरंजीव हर्मन यांचे नाव हाताने लिहून घेतले. कोणालाच बहुमत नसेल, तर सर्वाधिक मते मिळवलेल्या दोन हयात उमेदवारांपैकी एकाला विधिमंडळाने निवडावे, अशी घटनेत तरतूद होती आणि या खटाटोपाचा रोख तिच्यावर होता. २१ डिसेंबरला, शपथ घेण्यापूर्वीच, युजीन टॅल्मेज वारले.

जानेवारी १९४७ मध्ये विधिमंडळात मोजणी झाली तेव्हा हाताने लिहिलेल्या मतांत कारमायकेल यांची ६६९, टॅल्मेज बॉवर्स या आणखी एका इसमाची ६३७ आणि हर्मन यांची ६१७ निघाली. म्हणजे हर्मन तिसरे, शर्यतीबाहेर. तेवढ्यात टॅल्मेज घराण्याच्या टेलफेअर काउंटीतून ५८ मते 'सापडली' आणि आकडा ६७५ झाला. त्यांतली कित्येक मते वर्णानुक्रमे, एकाच हस्ताक्षरात आणि काही तर मेलेल्या माणसांच्या नावावर पडली होती. 'अटलांटा जर्नल'चे जॉर्ज गुडविन यांनी हे उघड केले आणि त्याबद्दल त्यांना १९४८ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ते उघड होईपर्यंत निवड उरकली होती. १५ जानेवारीच्या पहाटे विधिमंडळाने १६१ विरुद्ध ८७ मतांनी हर्मन यांना गव्हर्नर केले. अर्नॉल यांनी खुर्ची सोडायला नकार दिला. हर्मन यांच्या माणसांनी कचेरीची कुलपेच बदलली, तेव्हा अर्नॉल यांनी त्याच कॅपिटॉल इमारतीतल्या (म्हणजे राज्याच्या विधानभवनातल्या) चौकशी खिडकीत ठाण मांडले. १८ जानेवारीला थॉम्पसन यांनी लेफ्टनंट गव्हर्नरपदाची शपथ घेतली, अर्नॉल यांनी राजीनामा दिला आणि थॉम्पसन यांनी गव्हर्नरपदावर हक्क सांगत शहरात वेगळी कचेरी थाटली. सरकारी कागदांना राज्याचा शिक्का लागे. तो राज्याचे सचिव (सेक्रेटरी ऑफ स्टेट) बेन फोर्टसन यांच्या ताब्यात होता. ते चाकांच्या खुर्चीत वावरत आणि शिक्का खुर्चीच्या उशीखाली ठेवून वर बसून राहत, असे सांगतात.

१९ मार्च १९४७ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ असा निकाल दिला. युजीन यांना बहुमत मिळालेलेच होते, तेव्हा विधिमंडळाला निवड करण्याचा अधिकारच नव्हता. पुढचा माणूस पात्र होईपर्यंत अर्नॉल हेच गव्हर्नर, आणि त्यांनी पद सोडल्यावर ते लेफ्टनंट गव्हर्नरकडे जाते. हर्मन यांनी मुकाट्याने कचेरी रिकामी केली. न्यायालयाने टेलफेअरच्या ५८ मतांवर निकाल आधारला नाही, हे लक्षात घेण्याजोगे. खरी असती तरी हर्मन हरलेच असते.

हंगामी गव्हर्नर थॉम्पसन यांच्या कारकिर्दीतले टिकून राहिलेले काम म्हणजे जेकिल बेटाची सरकारी खरेदी. लक्षाधीशांच्या क्लबचे हे बेट राज्याने ६,७५,००० डॉलरना घेतले. हर्मन यांच्या वादग्रस्त मतांच्या बरोबर हजारपट, हा निव्वळ योगायोग. १९४८ च्या विशेष निवडणुकीत हर्मन यांनी थॉम्पसन यांना हरवून तीच खुर्ची रीतसर मिळवली. त्याच वर्षी लेफ्टनंट गव्हर्नर झाले ते मार्व्हिन ग्रिफिन, आणि १९५४ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्राथमिक फेरीत त्यांनी थॉम्पसन यांना दुसऱ्या क्रमांकावर ढकलले. काउंटी-एककांची पद्धत मात्र १९६२ पर्यंत तग धरून होती. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती घटनाबाह्य ठरवली.