फिल्टर उघडतो कसा, मिटतो कसा

चतुर्थीत गोव्यातल्या घरी घुमट आरती चालू असते, तेव्हा सगळ्यांचं लक्ष वादकाच्या उजव्या हाताकडे. खरी गंमत डाव्यात आहे. मडक्याच्या मागच्या उघड्या तोंडावर डावा तळवा कधी दाबलेला, कधी अर्धवट, कधी उचललेला. चामड्यावर थाप तीच, पण नाद एकदा कोंडलेला, एकदा मोकळा. सिंथेसायझरमध्ये, म्हणजे विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्यात, हा डावा हात म्हणजे एन्व्हलप: प्रत्येक स्वराला फिल्टर ठरल्या वेळेत उघडून मिटवणारी यंत्रणा. (भौतिकशास्त्र दोन्हींचं वेगळं: घुमटात आतल्या हवेचा अनुनाद बदलतो, तर फिल्टर तयार आवाजातला वरचा भाग कापतो. कानाला मात्र दोन्हीकडे तेच हवं असतं, नाद जागेवरून हलायला हवा.)

आकडे घेऊन बघू. संगणकावरचा सर्ज एक्सटी हा सिंथ फुकट मिळतो, तोही चालेल. करवती लहर (सॉ वेव्ह) निवडा आणि खालची पांढरी सहा वाजवा, म्हणजे ५५ हर्ट्झ. करवती लहरीत ५५, ११०, १६५, २२० असे सगळे उपस्वर असतात. २४ डेसिबलचा लो-पास (खालचं जाऊ देणारा, वरचं कापणारा) फिल्टर लावून कटऑफ, म्हणजे कापणं सुरू होण्याची रेघ, २०० हर्ट्झवर ठेवला, की पहिले तीन उपस्वर सुखरूप जातात आणि चौथ्यापासून कात्री लागते. २४ डेसिबल म्हणजे कटऑफच्या वर प्रत्येक सप्तकामागे लहरीची उंची साधारण सोळाव्या हिश्श्यावर येते. ऐकायला गोणपाटात गुंडाळलेला बेस.

आता फिल्टर एन्व्हलपची मात्रा चार सप्तकं द्या. काही सिंथवर ती ४८ अर्धस्वर अशी दिसेल. २०० चे ४००, ८००, १६००, ३२००. स्वर दाबल्याक्षणी कटऑफ ३२०० वर जातो आणि तिथे तब्बल ५८ उपस्वर मोकळे होतात. अटॅक (वर चढायचा वेळ) २ मिलिसेकंद, डिके (खाली उतरायचा वेळ) ३००, सस्टेन (बोट दाबलेलं असताना थांबायची पातळी) शून्य. बोट दाबून ठेवलं, की ३०० मिलिसेकंदांत त्यातले वरचे ५५ उपस्वर वरून खाली एकेक करून मिटत जातात. हाच तो 'व्याँव'. तोंडाने 'आ' म्हणत ओठ मिटत 'ऊ' वर या. जवळपास तसंच होतं.

इथे चुका ठरलेल्या असतात. सगळ्यात मोठी: कटऑफ आधीच पूर्ण उघडा. मग मात्रा कितीही वाढवा, वर जायला जागाच नाही, आणि माणूस एन्व्हलप बिघडला म्हणून हैराण. आधी कटऑफ खाली आणा, मग मात्रा द्या. दुसरी: सस्टेन वर असेल तर फिल्टर खाली येतच नाही, डिकेचा नॉब फिरवा की न फिरवा. तिसरी जास्त चकवते. आवाजाच्या पातळीचा एन्व्हलप वेगळा असतो. त्याचा सस्टेन शून्य आणि डिके १०० मिलिसेकंद ठेवला, तर फिल्टरची उतरंड मागे चालूच राहते, पण ऐकायला आवाजच उरत नाही. शिकताना पातळीचा सस्टेन पूर्ण ठेवा. आणि अटॅक अगदी शून्यावर नेल्यावर सुरुवातीला टिचकी ऐकू आली, तर पातळीचा अटॅक २-३ मिलिसेकंद करा, जाते.

हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांनी ज्या ट्रान्सला (नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताला) गोव्याचं नाव दिलं, त्यातल्या सळसळत्या ओळी याच हिशेबावर उभ्या आहेत. मिनिटाला १४५ ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा चौथा भाग पडतो १०३ मिलिसेकंदांना. वरचा ३०० चा डिके तिथे तिसऱ्या हिश्श्यालाच तुटतो: चार सप्तकांची उतरंड सरळ धरली, तर कटऑफ १२०० च्या आसपास येतो न येतो तोच पुढचा स्वर त्याला पुन्हा ३२०० वर फेकतो. २०० कधी दिसतच नाही, ओळ एकसुरी चमकत राहते. डिके ९० वर आणा, किंवा काही स्वर गाळून त्याला उतरायला जागा द्या. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. ओळ श्वास घेते.

या आवाजाचं मूळ यंत्र रोलँड कंपनीची टीबी-३०३. १९८१ साली ती आणली होती बास गिटारवाल्याची जागा घ्यायला. ते काम तिला जमलं नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबलं. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी मात्र १९८२ मध्येच तिच्यावर राग वाजवून ठेवले होते. तिची खरी करामत अ‍ॅक्सेंटमध्ये आहे. जोर दिलेल्या स्वराचा डिके आखूड होतो आणि कटऑफ जास्त उंच उडी घेतो. लागोपाठ अ‍ॅक्सेंट आले, तर आतला संधारक (कपॅसिटर) पुरता रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरतो, म्हणून प्रत्येक उडी आधीच्यापेक्षा वर जाते. स्लाइडने, म्हणजे घसरत, जोडलेल्या स्वरावर एन्व्हलप नव्याने सुटतच नाही.

रेझोनन्स म्हणजे फिल्टरचा आवाज त्याच्याच तोंडात परत घालणं. कटऑफजवळचे उपस्वर टोकदार होतात. मूग कंपनीच्या शिडीसारख्या (लॅडर) फिल्टरमध्ये तो वाढवला, की खालचा बेस बारीक होतो. अर्ध्यावर थांबा, नाहीतर खाली वेगळा सब-ऑसिलेटर (खालचा स्वर देणारा जोडस्रोत) द्या.

दोन सप्तकं वरची पांढरी सहा, २२० हर्ट्झ, वाजवलीत तर २०० चा कटऑफ तिच्या मूळ स्वरालाच चावतो. त्यासाठी की-ट्रॅकिंग १०० टक्के करा. खालच्या ५५ वर कटऑफ २०० ला बसवला असेल, तर तो स्वराबरोबर ८०० वर सरकेल. एलएफओला (संथ हेलकावे देणाऱ्या लहरीला) कटऑफ हलवायचं काम सावकाश द्या: १४५ च्या लयीत चार ठोक्यांच्या सोळा आवर्तनांना एक फेरा, म्हणजे साडेसव्वीस सेकंद. उलट वेग २० हर्ट्झच्या वर नेला, तर हेलकावे ऐकू येणं थांबतं आणि नवेच सूर उमटतात.

जत्रेच्या नाटकाला अ‍ॅनालॉग सिंथ नेणाऱ्यांसाठी एक सूचना. तापमानभरपाई नसलेल्या सर्किटमध्ये एका अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक पडतो. दुपारी सूर लावून ठेवला आणि मध्यरात्री मांडवात १० अंश उतरले, तर चार सप्तकांवर सूर दीड अर्धस्वर हलतो. यंत्र अर्धा तास आधी चालू करा, सूर मग लावा.

पावसाळ्यानंतर कटऑफचा नॉब फिरवताना खरखर आली आणि फिल्टर उड्या मारू लागला, तर दोष एन्व्हलपचा नसतो. खारट दमट हवेने नॉबखालची पट्टी मळलेली असते. वीज काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा आत मारा, नॉब वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि पूर्ण वाळल्यावरच चालू करा. घरातलं बिजागऱ्यांचं तेल नको. ते धूळ धरतं.