सायबर छळ : राज्य कायद्याखालील गुन्हा (बेळगाव सीमाभाग)

सायबर छळ म्हणजे मोबाइल आणि समाजमाध्यमांच्या आधारे एखाद्या व्यक्तीच्या मागे लागणे : पुन्हा पुन्हा अपमान करणे, धमकावणे, तिच्या नावाने खोटे खाते उघडणे, तिचे फोटो बिघडवून पसरवणे किंवा ग्रुप करून तिची टिंगल चालू ठेवणे. या नावाचा स्वतंत्र गुन्हा भारताच्या केंद्रीय कायद्यात नाही आणि कर्नाटकच्या कायद्यातही नाही. राज्याने तो निर्माण करावा का, ही चर्चा बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात वेगळे वळण घेते. इथे छळ करणारा एका राज्यात आणि सोसणारा दुसऱ्या राज्यात असणे सहज घडते. शिवाय कायदा करणारे सरकार तेच, ज्याच्याशी इथल्या मराठी माणसाचा १९५६ पासून भाषेचा झगडा आहे.

प्रचलित तरतुदी कमी नाहीत, पण त्या विखुरलेल्या आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये दुसऱ्याची डिजिटल ओळख वापरणे (कलम ६६सी), तोतयेगिरीने फसवणूक (६६डी), खासगी अवयवांची छायाचित्रे पसरवणे (६६ई) आणि अश्लील मजकूर प्रसारित करणे (६७, ६७ए) हे गुन्हे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ स्त्रीचा पाठलाग करण्याबद्दल आहे. तिने नकार दिल्यावरही संपर्क करत राहणे आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे त्यात येते. शिक्षा पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुढे पाच वर्षांपर्यंत. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या लैंगिक छळासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे.

खानापूर तालुक्यातल्या गावाहून एखादी मुलगी बारावीनंतर बेळगावच्या कॉलेजात येते. कोणीतरी तिचा डीपी उचलून तिच्याच नावाने इन्स्टाग्राम खाते काढतो, तिच्या चुलत भावंडांना आणि गावातल्या पोरांना फॉलो रिक्वेस्ट पाठवतो आणि खाली तिचा मोबाइल नंबर टाकतो. रात्रभर फोन वाजत राहतो. या प्रकरणात निदान ६६सी आणि कलम ७८ हाताशी असतात. आता तिच्याच वर्गातला मुलगा घ्या. त्याच्या बोलण्याच्या लकबीवर, अंगकाठीवर रोज एक मीम तयार होते आणि वर्गाच्या ग्रुपवर फिरते. मजकूर अश्लील नाही, धमकी नाही. तो मुलगा असल्याने पाठलागाचे कलमही लागत नाही. उरते न्याय संहितेचे कलम ३५६, म्हणजे अब्रुनुकसानी, आणि कलम ३५२, म्हणजे शांतताभंगास चिथावणारा अपमान. दोन्ही अदखलपात्र. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, करून घेतात आणि पालकांना कोर्टात जायला सांगतात. महिनोन्महिने चालणारा, रोज थोडा थोडा होणारा छळ कायद्याच्या नजरेतून निसटतो तो असा. वेगळ्या कायद्याच्या मागणीत खरे बळ आहे ते याच पोकळीमुळे.

ही पोकळी घाईने भरण्याचे परिणाम देशाने पाहिले आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ए 'त्रास', 'गैरसोय' अशा ढिल्या शब्दांवर उभे होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई ठप्प झाल्याविषयी फेसबुकवर लिहिणाऱ्या आणि त्याला लाइक देणाऱ्या पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तेव्हा या कलमाचे स्वरूप महाराष्ट्राला कळले. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते रद्द केले. त्याच निकालात केरळ पोलीस कायद्याचे त्याच धर्तीचे कलम ११८(डी)सुद्धा गेले. केरळ सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये वटहुकमाने अपमानकारक मजकुराबद्दल शिक्षा देणारे कलम ११८ए आणले. चहूबाजूंनी टीका झाल्यावर ते काही दिवसांतच मागे घेतले. अमेरिकेतही हेच घडले आहे. तिथल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने २००९ मध्ये सायबर छळ गुन्हा ठरवला, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्या तरतुदीचा गाभा रद्द केला.

राज्याला असा कायदा करता येतो. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत आहेत, फौजदारी कायदा समवर्ती सूचीत. केंद्रीय कायद्याशी विसंगती आली तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. दूरसंचार मात्र केंद्राचा विषय असल्याने समाजमाध्यम कंपन्यांना वाकवण्याची राज्याची ताकद तोकडी पडते. डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधातील कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनात द्वेषमूलक भाषणाविरोधी विधेयक मंजूर झाले, पण वैयक्तिक छळ हा त्याचा विषय नव्हे.

सीमाभागात ढिल्या व्याख्येचा धोका दुप्पट आहे. १ नोव्हेंबरचा काळा दिन (कर्नाटक स्थापनेच्या दिवशी मराठी भाषकांचा निषेध), येळ्ळूर गावचा 'महाराष्ट्र राज्य' फलक, दुकानांच्या पाट्या, बसमधली वादावादी यांवर दोन्ही बाजूंनी स्टेटस ठेवले जातात, रील निघतात आणि शब्द तापतात. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. त्यानंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली, तेव्हा बड्या नेत्यांच्या नावाने चाललेल्या बनावट ट्विटर खात्यांनी आग भडकवल्याचे त्यांनी सांगितले आणि गुन्हे नोंदवण्याचे जाहीर केले. खोटे खाते हा गुन्हा आहेच. पण सीमाप्रश्नावर मराठीत कडक बोलणे हा गुन्हा नाही, आणि कन्नडमध्ये त्याला तितकेच कडक उत्तर देणे हाही नाही. 'भावना दुखावल्या' एवढ्यावर अटक करू देणारा कायदा आला, तर त्याची झळ आधी कोणाला बसेल हे सीमाभागातल्या मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच व्याख्येत तीन गोष्टी हव्यात : ठरावीक व्यक्तीला लक्ष्य करणे, कृतीची पुनरावृत्ती आणि इजा करण्याचा हेतू. सरकार, पक्ष, संघटना किंवा भाषा यांच्यावरील टीका स्पष्ट शब्दांत वगळली पाहिजे.

महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली मुले बाजाराला आणि कॉलेजला बेळगावात येतात. सीमेवरची शिनोळी ओलांडली की पोलीस बदलतात. फौजदारी प्रक्रिया ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवावा लागतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असल्याने, जिथे उपनिरीक्षक प्रमुख असतो अशा ग्रामीण ठाण्यातून प्रकरण पुढे जिल्ह्याच्या सीईएन ठाण्याकडे जाते. सायबर, आर्थिक व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी कर्नाटकात अशी वेगळी ठाणी आहेत.

तक्रारीची भाषा ही खरी अडचण. फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते आणि मराठी शाळेत शिकलेली आई तिच्यावर सही करते. कलम १७३ प्रमाणे तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवणे आणि प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० तक्रारीचे निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क देतो. तेव्हा अर्ज मराठीत लिहून द्यावा आणि पोच घ्यावी. राज्य कायदा झालाच, तर मराठी तक्रार आणि मराठी चॅटचे अधिकृत भाषांतर यांची तरतूद त्याच्या मजकुरातच असावी. नंतरच्या परिपत्रकांवर सीमाभागाने फार विसंबू नये.

पुराव्याच्या बाबतीत घाईने चॅट डिलीट करणे सर्वांत महाग पडते. नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा प्रोफाइलची लिंक, तारीख व वेळ आणि मूळ फोन जपणे मोलाचे, कारण खात्यावर दिसणारे नाव क्षणात बदलता येते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. २०१९ पासून राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार करता येते. १९३० हा क्रमांक मुख्यतः आर्थिक फसवणुकीसाठी आहे, मुलांसाठी १०९८.

छळ करणारेही पुष्कळदा शाळकरीच असतात. अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळापुढे जाते. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा तिथे किरकोळ मानला जातो, आणि नियमांनुसार अशा प्रकरणात सहसा एफआयआर न करता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद व मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल एवढेच होते. मंडळ समज देऊन सोडू शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवा करायला लावू शकते किंवा पालकांना दंड करू शकते.