उंदरांतील स्तनार्बुद विषाणू

मादी उंदराच्या दुधातून पिलांच्या शरीरात शिरणारा आणि ती वयात आल्यावर त्यांच्या स्तनग्रंथींत कर्करोगाच्या गाठी उत्पन्न करणारा रेट्रोव्हायरस, म्हणजे आपल्या आरएनएची डीएनए-प्रत बनवून ती पेशीच्या डीएनएत बसवणारा विषाणू. संशोधक याला एमएमटीव्ही (माउस मॅमरी ट्यूमर व्हायरस) या आद्याक्षरांनी ओळखतात. जुन्या लेखनात ‘दूध-घटक’ किंवा ‘बिटनर घटक’ असे उल्लेख सापडतात. बीटारेट्रोव्हायरस या प्रजातीत त्याचा समावेश होतो. कर्करोग आनुवंशिक, संप्रेरकांमुळे होणारा की संसर्गजन्य, या वादात तिन्ही बाजूंना एकाच वेळी थोडेथोडे खरे ठरवणारा हा विषाणू आहे. त्याच्या अभ्यासाचे मोल त्यातच आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅनबी येथे ॲबी लॅथ्रॉप या बाई उंदरांची पैदास करून विकत असत. आपल्या काही उंदरांना गाठी येतात हे त्यांच्या लक्षात आले आणि विकृतिशास्त्रज्ञ लिओ लोब यांच्यासह त्यांनी पुष्कळ निरीक्षणे प्रसिद्ध केली. काही घराण्यांत गाठी जास्त, काहींत कमी; आणि माद्यांचे अंडाशय लवकर काढून टाकले तर गाठींचे प्रमाण घटते. पुढे १९३२ मध्ये फ्रान्समध्ये आंत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचून त्यांच्यातही स्तनाच्या गाठी निर्माण करून दाखवल्या. वंश आणि संप्रेरके, एवढ्यावर उलगडा झाला असे वाटण्याजोगी ही स्थिती होती.

मेन राज्यातील बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत मात्र हिशेब जुळेना. गाठी भरपूर येणाऱ्या आणि क्वचित येणाऱ्या वाणांचे संकर केले, तर मुली आईच्या वळणावर जात. आई रोगप्रवण वाणाची असेल तर मुलींना गाठी जास्त. बाप त्या वाणाचा आणि आई निरोगी वाणाची असेल तर कमी. गुणसूत्रे दोघांकडूनही सारखीच येतात, मग हा फरक कशाने? १९३३ मध्ये प्रयोगशाळेने हा गुणसूत्रबाह्य प्रभाव जाहीर केला. नेदरलँड्समध्ये संशोधक कोर्तेवेख यांनाही स्वतंत्रपणे तेच आढळले. जॅक्सन प्रयोगशाळेतील जॉन बिटनर यांनी रोगप्रवण मादीची नुकती जन्मलेली पिले उचलून निरोगी वाणाच्या मादीकडे दुधाला लावली. त्या पिलांना पुढे गाठी खूपच कमी आल्या. १९३६ मध्ये त्यांचा हा निष्कर्ष ‘सायन्स’मध्ये आला. प्रयोगाला लागली होती फक्त पिंजरे, पिले आणि वर्षभराची चिकाटी. कर्करोगाच्या संशोधनात इतक्या कमी साधनांत इतके निर्णायक उत्तर क्वचितच मिळाले असेल.

कर्करोगामागे विषाणू असू शकतो हा विचार तेव्हा फारसा मानला जात नव्हता, त्यामुळे बिटनर यांनी दीर्घकाळ ‘दूध-घटक’ हाच सावध शब्द वापरला. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दुधात आणि गाठींत गोल कण दिसले. त्यांचा गाभा मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असतो. त्यांना ‘बी’ प्रकारचे कण म्हणतात. दरम्यान कोडे आणखी गुंतले. नेदरलँड्समधील जीआर या वाणात पिलांना दुसऱ्या मादीचे दूध पाजले तरी गाठी येतच राहिल्या, आणि बापाकडूनही रोग उतरत होता. तेथे विषाणूची जनुकीय प्रत थेट बीजपेशींच्या डीएनएत बसलेली होती. आरएनएवरून डीएनए घडवणारे विकर १९७० मध्ये सापडले तेव्हा हे कसे शक्य होते ते स्पष्ट झाले. प्रयोगशाळेतील बहुतेक उंदरांच्या गुणसूत्रांत या विषाणूच्या काही प्रती वंशपरंपरेने असतात. त्यांतल्या बऱ्याच निष्क्रिय असतात.

दुधातून आलेला विषाणू स्तनापर्यंत पोहोचतो कसा, हा या कथेतला सर्वांत विलक्षण भाग. तो आधी आतड्याच्या भिंतीतील लसिकापेशींच्या पुंजक्यांत शिरतो आणि तेथील बी-पेशींना बाधतो. बी-पेशी आणि टी-पेशी हे रोगप्रतिकार करणाऱ्या लसिकापेशींचे दोन प्रकार. या पेशी विषाणूचे एक प्रथिन पृष्ठभागावर मांडतात. त्याला महाप्रतिजन म्हणता येईल, कारण नेहमीच्या प्रतिजनाला (रोगप्रतिकार यंत्रणेला चेतवणाऱ्या पदार्थाला) मोजक्याच टी-पेशी प्रतिसाद देतात, पण याला विशिष्ट घडणीच्या टी-पेशींचा मोठा गटच्या गट चेततो. चेतलेल्या टी-पेशी बी-पेशींना विभाजनाला प्रवृत्त करतात आणि विषाणूला वाढायला आयतीच जागा मिळते. संसर्ग रोखणारी यंत्रणाच येथे त्याची वाहक होते: बाधित लसिकापेशींबरोबर तो स्तनग्रंथीपर्यंत जातो. उलट, ज्या उंदराच्या गुणसूत्रांत त्याच महाप्रतिजनाचे जनुक आधीपासून असते, त्याच्या त्या टी-पेशी वाढीच्या काळातच नष्ट झालेल्या असतात. मग बाहेरून आलेला तसाच विषाणू त्याच्यात मूळ धरू शकत नाही. १९९१ च्या सुमारास हे उमगले.

स्तनग्रंथीत पोहोचल्यावर संप्रेरकांचे काम सुरू होते. विषाणूच्या जनुकसंचाच्या दोन्ही टोकांना असलेल्या नियंत्रक पट्ट्यात ग्लुकोकॉर्टिकॉइड, प्रोजेस्टेरॉन अशा संप्रेरकांच्या ग्राहींना (संप्रेरकांचा संदेश झेलणाऱ्या पेशीतील प्रथिनांना) चिकटता येईल अशा जागा असतात. गर्भारपणात आणि दूध येण्याच्या काळात विषाणूच्या प्रती भराभर तयार होतात. लोब आणि लॅथ्रॉप यांनी अंडाशयांबद्दल जे पाहिले होते, त्याला येथे एक रेण्वीय कारण मिळाले. हाच पट्टा पुढे संशोधकांचे हत्यार बनला: त्याला हवे ते कर्करोगजनक जनुक जोडून, ते मुख्यतः स्तनग्रंथीत चालू होईल असे उंदीर १९८४ पासून घडवले जाऊ लागले, आणि स्तनाच्या कर्करोगावरील अनेक औषधांची परीक्षा अशा उंदरांवर झाली.

एमएमटीव्हीकडे स्वतःचे कर्करोगजनक जनुक नसते. तो पेशीच्या डीएनएत कोठेही घुसतो. एखाद्या वेळी नेमका वाढीच्या जनुकाशेजारी बसतो आणि ते जनुक बेसुमार चालू करतो. रूल नूसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांनी १९८२ मध्ये दाखवले की निरनिराळ्या उंदरांच्या गाठींत विषाणू पुन्हापुन्हा एकाच परिसरात बसलेला असतो. तेथले जनुक ‘इंट-१’. फळमाशीच्या पंखांच्या घडणीत लागणारे ‘विंगलेस’ जनुक त्याचेच भावंड निघाले, आणि भ्रूणाच्या वाढीपासून आतड्याच्या कर्करोगापर्यंत पसरलेल्या, पेशींना वाढीचे संदेश पोहोचवणाऱ्या ‘विंट’ (‘विंगलेस’ आणि ‘इंट’ यांवरून पडलेले नाव) संदेशमार्गाचा शोध या धाग्यावरून लागत गेला.

या संशोधनाशी मुंबईचे जुने नाते आहे. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी विकृतिशास्त्रज्ञ वि. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांतील स्तनग्रंथींची रचना आणि त्यांची रोगप्रवणता यांचा अभ्यास केला. १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. पुढे परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभारली. मराठी वाचकांना त्यांच्या या कामाची जेवढी ओळख असायला हवी तेवढी नाही. मुंबईच्या पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळत असे. १९७१ मध्ये डॅन मूर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये, अशा स्त्रियांच्या दुधाच्या काही नमुन्यांत उंदरांतल्या विषाणूसारखे कण दिसल्याचे लिहिले; मुंबईच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन-तज्ज्ञ सत्यवती सिरसाट त्या लेखाच्या सहलेखिका होत्या.

त्या कणांमुळे मोठी आशा आणि तेवढीच भीती निर्माण झाली. पुढील अभ्यासांत मात्र आईचे दूध प्यायलेल्या मुलींना स्तनाचा कर्करोग जास्त होतो असे आढळले नाही. उलट दूध पाजणाऱ्या आईचा धोका काहीसा कमी होतो. १९९५ मध्ये बिआट्रिस पोगो यांच्या गटाने मानवी गाठींपैकी सुमारे ३८ टक्क्यांत या विषाणूच्या जनुकाशी जुळणारे तुकडे सापडल्याचे जाहीर केले. काही प्रयोगशाळांना तसेच निष्कर्ष मिळाले, काहींना काहीच सापडले नाही, आणि नमुन्यांत उंदराचा डीएनए मिसळण्याची शक्यता हा यातला कायमचा आक्षेप आहे. उंदरांत निर्णायक ठरलेला पुरावा, म्हणजे स्वतंत्र गाठींत एकाच जनुकाशेजारी पुन्हापुन्हा बसलेला विषाणू, मानवी गाठींत अजून खात्रीने दाखवला गेलेला नाही.