कड उचलते कशाने? काळ्या रानावरचे फुलांचे अंगण

सांगली-मिरजेकडे घरापुढे हौसेने शहाबादी फरशी टाकतात, कडेने मोगरा-जास्वंद लावतात, बाकडे ठेवतात. दोन पावसाळे गेले की फरशीची कड वर येते, मध्ये पाणी साचते, दरजांतले सिमेंट सुटते. शिव्या गवंड्याला बसतात. चूक बहुतेक वेळा फरशीखालच्या मातीकडे पाहिलेलेच नसते, ही असते.

कृष्णाकाठची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली आहे. तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजे भरपूर. त्यांचे पापुद्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे. पाणी दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, त्यांना दूर सारते आणि माती फुगते. उन्हाळ्यात तीच आकसते, भेगाळते. फरशीखाली ओल सगळीकडे सारखी पोचत नाही. कडेची माती भिजते, मधली झाकलेली कोरडी राहते, म्हणून कडच उचलते. त्यात गच्चीचा पाइप तिथे सोडलेला असेल किंवा रोज पाणी लागणारा वाफा फरशीला चिकटून असेल, तर विचारायलाच नको.

आपली माती किती फुगते, हे घरी पाहता येते. वाळवून, कुटून, बारीक चाळलेली माती दोन सारख्या, अरुंद काचेच्या बाटल्यांत दोन-दोन चमचे घाला. एकीत पाणी ओता, दुसरीत रॉकेल. ढवळून २४ तास ठेवा. रॉकेलचे रेणू पाण्यासारखे ध्रुवीय नसल्याने त्यात माती फुगत नाही. पाण्यातला थर त्याच्या दुप्पट उंच झाला, तर जमीन त्रास देणार हे नक्की. बांधकामाच्या प्रयोगशाळेतही याच तत्त्वावर चाचणी होते.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर घर असेल तर काम सोपे. तिथे बऱ्याच ठिकाणी थोडे खणताच मुरूम लागतो. मुरूम म्हणजे तोच बेसॉल्ट, अर्धवट झिजलेला. अजून चिकणमाती न झाल्यामुळे तो फारसा फुगत नाही. काळ्या रानात हाच मुरूम बाहेरून आणून भरायचा.

१० बाय १२ फुटांच्या जागेसाठी १५ इंच खणा. खड्ड्याच्या तळालाच घरापासून दूर जाणारा ढाळ द्या, पाच फुटांना एक इंच. मुरूम चार-चार इंचांच्या तीन थरांत घाला. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मसाने तीन इंच होईपर्यंत ठोका. सैल मोजून सव्वा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आसपास लागतो. एकदम फूटभर टाकून वरून ठोकला तर खालचा भाग पोकळच राहतो आणि पहिल्या पावसात बसतो. त्यावर चार इंच खडी, मग दीड इंच क्रश सँड, त्यावर दीड इंची फरशी. वरचा पृष्ठभाग भोवतीच्या जमिनीपेक्षा इंचभर उंच येतो आणि ढाळ तळापासून वरपर्यंत एकच राहतो. खालच्या कडेला खडीच्या थरात भोकांचा तीन इंची पाइप टाकून तो बाहेर काढा. नाहीतर चिकण मातीतला हा खड्डा म्हणजे पाण्याची टाकीच होते; भरावातून उतरलेले पाणी तळाशी साचून खालच्या मातीलाच फुगवते.

खोल काळ्या जमिनीत एवढे करूनही हालचाल पूर्ण थांबत नाही. म्हणून दरजा सिमेंटने भरू नका, क्रश सँडने भरा. फरशी थोडी हलली तर काढून पुन्हा बसवता येते. काँक्रीट तडकले की फोडावेच लागते. गवंडी ‘कच्चे काम’ म्हणून नाक मुरडेल. मुरडू दे.

खणलेली काळी माती तशीच कुंडीत भरण्याचा मोह टाळा. सुकली की ती कुंडीच्या काठापासून सुटते, घातलेले पाणी त्या फटीतून खाली निघून जाते आणि मुळांचा गोळा कोरडाच राहतो. एक भाग काळी माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग कुजलेले शेणखत हे मिश्रण बरे चालते. जास्वंदीची कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता समजा. चुनखडीच्या मातीत लोह असते, पण विरघळत नसल्याने मुळांना मिळत नाही. अशा मातीत ईडीडीएचए या लोहाला विरघळलेले धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या (चिलेटच्या) स्वरूपातले लोह टिकते. स्वस्तातले ईडीटीए हे दुसरे चिलेट लवकर निकामी होते.

शोभेसाठी पाण्याचे भांडे ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा, म्हणजे डासांच्या अळ्या मोठ्या व्हायच्या आत जातात.

दिव्यांचा मात्र विचार करूनच जागा ठरवा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो. तिच्या पानांतले फायटोक्रोम हे रंगद्रव्य रात्रीची लांबी ‘मोजते’, आणि मध्येच उजेड पडला की ती मोजणी मोडते. झाड हिरवेगार वाढत राहते, फूल येत नाही. लोक खत बदलत बसतात. दोष डोक्यावरच्या एलईडीचा असतो. ऑगस्टपासून शेवंतीच्या कुंड्या दिव्याच्या टप्प्याबाहेर हलवा. दिवे गुडघ्याच्या उंचीवर, खाली तोंड करून लावा आणि बैठक संपली की बंद करा. रस्त्यावरचा खांबच अंगणात उजेड पाडत असेल, तर शेवंती घराच्या मागच्या बाजूला वाढवा आणि फुलल्यावर पुढे आणून ठेवा.