कंपनी पाठीशी असते तेव्हा आणि आडवी येते तेव्हा: घरगुती संगणकांच्या लढाईची पार्श्वभूमी

२८ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने, म्हणजे टीआयने, घरगुती संगणकांच्या धंद्यातून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं. १९८१ मध्ये ५२५ डॉलरला बाजारात आलेला त्यांचा टीआय-९९/४ए त्या नाताळात ५० डॉलरच्या आसपास विकला जात होता. मशीन खपत नव्हतं असं नाही. एकूण २८ लाखांच्या घरात नग विकले गेले, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने चांगलाच खप. तरी कंपनी गाळात गेली. या घसरणीचं खापर सहसा किंमतयुद्धावर फोडलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कारण कंपनीने बाहेरच्या प्रोग्रामरांना कसं वागवलं, यात सापडतं.

या लढाईची मुळं कॅल्क्युलेटरच्या बाजारात आहेत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कमोडोर ही कंपनी टीआयच्या चिप विकत घेऊन कॅल्क्युलेटर बनवायची. मग टीआय स्वतःच त्या बाजारात उतरली आणि आपले तयार कॅल्क्युलेटर अशा भावात विकू लागली की कमोडोरला नुसता सुटा माल घेणंही परवडेना. कंपनी बुडता बुडता वाचली. मालक जॅक ट्रॅमिएल हा ऑशविट्झमधून जिवंत सुटलेला माणूस. धंदा म्हणजे युद्ध, असं तो उघड म्हणायचा. त्याने १९७६ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनीच विकत घेतली. पुन्हा कुणाच्या चिपवर अवलंबून राहायचं नाही, हा त्यातला धडा. पुढे टीआयचं उट्टं काढायची वेळ आली तेव्हा हाच कारखाना कामी आला.

टीआयचं मशीन कागदावर दमदार होतं. आजूबाजूचे सगळे आठ बिटांवर असताना यात सोळा बिटांचा प्रोसेसर होता. पण प्रोसेसरला थेट वापरता येईल अशी मेमरी फक्त २५६ बाइट. बाकीची १६ किलोबाइट चित्र दाखवणाऱ्या चिपच्या ताब्यात, आणि तिच्याकडून एकेक बाइट मागून घ्यायचा. त्यात टीआय बेसिक या मशीनमध्येच दिलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेचा बराचसा भाग कंपनीच्या जीपीएल या स्वतःच्या भाषेत लिहिलेला, आणि ती भाषाही चालता चालता उलगडून वाचावी लागणारी. म्हणजे तुमचा प्रोग्राम दोन दुभाष्यांमार्फत प्रोसेसरपर्यंत पोहोचायचा. सोळा बिटांची शेखी मिरवणारं हे मशीन बेसिकमध्ये गोगलगायीसारखं चालायचं.

तेवढंही खपून गेलं असतं. खरी अडचण अशी की मशीनच्या पोटात हात घालायला कंपनी कुणाला देत नव्हती. मेमरीत डोकावायच्या पीक आणि पोक या आज्ञा इतर घरगुती मशीनवर कुठलाही शाळकरी पोरगा वापरायचा. टीआय बेसिकमध्ये त्या नव्हत्याच. यंत्रभाषेत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, सोयीने लिहायचं तर जादा मेमरी, फ्लॉपी ड्राइव्ह आणि असेम्बलर या यंत्रभाषा तयार करणाऱ्या प्रोग्रामचं वेगळं पॅकेज घ्या. ही जोडयंत्रं सुरुवातीला मशीनच्या उजव्या अंगाला एकापुढे एक जोडायची असत, आणि टेबल संपायचं तरी रांग संपायची नाही. नंतर कंपनीने सगळं मावेल अशी पत्र्याची जड पेटी काढली. तिची केबल इतकी जाड की मालक मंडळी तिला गमतीने ‘आगीच्या बंबाचा पाइप’ म्हणत. हा सगळा संसार थाटायचा खर्च मूळ मशीनच्या कितीतरी पट. हौशी प्रोग्रामर दुसरीकडे वळले, तर नवल ते काय?

यामागचा हिशेब सरळ होता: मशीन स्वस्तात द्यायचं आणि नफा कार्ट्रिजवर, म्हणजे मशीनच्या खाचेत खोचायच्या गेमच्या डब्यांवर, काढायचा. कार्ट्रिज बाहेरच्यांनी बनवली तर तो नफा गेला. म्हणून टीआयने ग्रॉम नावाची आपली खास चिप कार्ट्रिजमध्ये घातली. ती बाजारात सहज मिळण्यातली नव्हती. तुमच्याकडे चांगला गेम असेल तर आमच्याकडे आणा, आम्ही छापू, आम्ही विकू, तुम्हाला रॉयल्टी देऊ, असा एकंदर बाणा. तरी काही कंपन्यांनी रॉम, म्हणजे कायमची माहिती साठवणाऱ्या साध्या चिपवर गेम काढलेच. मग १९८३ मध्ये टीआयने मशीनच्या आतला प्रोग्रामच बदलला. सुरुवातीच्या रंगीत पट्ट्यांच्या पडद्यावर खाली १९८३ साल आणि ‘व्ही२.२’ दिसलं की समजायचं, हे नवं मशीन. त्यात बाहेरच्या कंपनीचं रॉमवालं कार्ट्रिज खोचलं की पुढच्या यादीत फक्त ‘१: टीआय बेसिक’ एवढंच उमटायचं. पैसे मोजून आणलेला गेम खाचेत बसलेला, आणि मशीन त्याची दखलही घ्यायला तयार नाही! अटारी कंपनीच्या अटारीसॉफ्ट या छापाचे लोकप्रिय गेम अशा मशीनवर चालेनात. ज्या वर्षी जास्तीत जास्त गेमांची गरज होती, नेमक्या त्याच वर्षी हे शहाणपण सुचलं.

कमोडोर काही साधुसंत नव्हती. दुकानदारांनी जुन्या भावाने भरलेला माल पडून असताना ती रातोरात किंमत उतरवायची, आणि त्यामुळे कित्येक विक्रेते तिच्यावर दात खाऊन असत. पण व्हिक-२० आणि १९८२ चा कमोडोर ६४ या आपल्या संगणकांसाठी तिने प्रोग्रामरांकरिता जाडजूड संदर्भपुस्तकं काढली. मेमरीचा नकाशा, आवाजाच्या आणि चित्राच्या चिपची प्रत्येक नोंद, इतकंच काय, कमोडोर ६४ च्या पुस्तकात सर्किटचा आराखडासुद्धा. माझ्या मते हे पुस्तक कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडलं. त्याचा फायदा कंपनीच्या चुका सावरायलाही झाला. १५४१ ही फ्लॉपी ड्राइव्ह कमालीची संथ होती, गेम सुरू होईपर्यंत चहा करून प्यावा इतकी. कमोडोरने ते दुखणं धड निस्तरलं नाही. पण आतली माहिती उघड असल्यामुळे बाहेरच्यांनी फास्ट लोडर, म्हणजे गेम भराभर मेमरीत भरणारे प्रोग्राम, लिहिले. एपिक्स कंपनीचं तसलं कार्ट्रिज १९८४ मध्ये आलं आणि धडाक्यात खपलं.

किंमतयुद्धाचा भाग थोडक्यात. टीआयने विनोदी नट बिल कॉस्बीला जाहिरातीत उभं केलं आणि १९८२ मध्ये १०० डॉलरची सूट दिली. कमोडोरकडे नट विल्यम शॅटनर होता, शिवाय स्वतःचा चिपचा कारखाना. १९८३ च्या सुरुवातीला टीआयच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शॉक बसण्याचा धोका आढळला आणि विक्री काही आठवडे थांबली. त्याच वर्षी कमोडोरने, कुठलंही जुनं मशीन आणून द्या आणि ६४ वर १०० डॉलर परत घ्या, अशी योजना काढली. लोक ५० डॉलरच्या आतला टायमेक्स सिंक्लेअर हा छोटा संगणक फक्त परत द्यायला विकत घेत. टीआयचं मशीन ९९ डॉलरवर आलं, आणि मशीनवरचा तोटा कार्ट्रिजमधून भरून काढायचा तर घेण्याजोगी कार्ट्रिज कुठे होती?

ब्रिटनमधलं उदाहरण वरवर याच्या उलट वाटतं. सिंक्लेअर कंपनीची गिऱ्हाइकाला साथ यथातथाच. मायक्रोड्राइव्ह हे माहिती साठवायचं यंत्र जाहीर करून ताटकळत ठेवलं, १९८४ चं क्यूएल हे मशीन अर्धवट अवस्थेत घरोघर पाठवलं. तरी एप्रिल १९८२ चा तिचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक वर्षानुवर्षं चालला. कारण तो कॅसेटवर चालायचा आणि कॅसेट भरायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. पाठीमागच्या पट्टीवर प्रोसेसरचे संकेत उघडे, म्हणजे बाहेरच्यांनाही जोडयंत्रं बनवता यायची. कंपनी जॉयस्टिकचं बघत बसली तोवर केम्प्स्टन या कंपनीने जॉयस्टिक जोडायचा आपला इंटरफेस विकायला काढला आणि तोच प्रमाण ठरला. आपल्याकडे १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम+ आणला. १९८६ मध्येच सिंक्लेअरचा संगणकांचा धंदा ५० लाख पौंडांत ॲमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीकडे गेला.

जिंकलेल्या कमोडोरने मग वेगळ्या प्रकारे माती खाल्ली. जानेवारी १९८४ मध्ये ट्रॅमिएल बाहेर पडला. त्याच वर्षी प्लस/४ आला: १२१ रंग, ऑफिसच्या कामाचे चार प्रोग्राम आतच भरलेले, आणि ६४ चं सॉफ्टवेअर चालत नाही! लोकांकडे ६४ चे गेम डबे भरभरून होते, ते फेकून कोण हे घेणार? १९८५ च्या कमोडोर १२८ मध्ये शहाणपण सुचलं आणि त्यात ६४ सारखं चालायची सोय ठेवली गेली. पण बहुतेक लोक ते चालू करून थेट त्याच सोयीत शिरत, म्हणून १२८ साठी वेगळं लिहायची तसदी फार कुणी घेतली नाही.

टीआयने मात्र जाता जाता दार किलकिलं केलं. फोर्थ भाषेची आपली आवृत्ती तिने हौशी मालकांच्या युजर ग्रुपांना फुकट वाटायला दिली. या मंडळींनी मशीनची खोलवर चिरफाड केली, नवी कार्डं बनवली. मायआर्क कंपनीने १९८७ मध्ये त्या पत्र्याच्या पेटीत बसणारा जिनिव्ह ९६४० हा नवा संगणकच काढला. १९८४ मध्ये टेक्सासात सुरू झालेलं या हौशी मालकांचं मायक्रोपेंडियम मासिक १९९९ पर्यंत निघत राहिलं. कमोडोरने २९ एप्रिल १९९४ रोजीच दुकान बंद केलं होतं.